उतरवताना सावकाश

"ताई, परत एकदा करता येईल का? व्हिडिओ आला नाही."

2024 च्या 15 ऑगस्टची सकाळ. नेरुळमधल्या आमच्या सोसायटीच्या आवारात चाळीसेक माणसं उभी होती. राष्ट्रगीत संपून मिनिटही झालं नव्हतं. खांबाच्या पायथ्याशी झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या पडल्या होत्या, काही पुढच्या रांगेतल्या मुलांच्या केसांत अडकल्या होत्या. वर झेंडा अर्धवट उलगडून वाऱ्याची वाट बघत होता. ज्या मुलाकडे व्हिडिओचं काम होतं त्याला नेमका तेव्हाच फोन आला आणि पाकळ्या पडतानाचा तेवढा भाग निसटला. बिचारा खरंच ओशाळला होता. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं होतं, परदेशातल्या मुलांना पाठवायचं होतं, रील करायचं होतं. पाकळ्यांशिवाय कसं चालेल?

त्या वर्षी मी सेक्रेटरी होते. दोरी माझ्या हातात होती. मी "बरं" म्हटलं.

झेंडा खाली घेतला. पावसाची सर आल्यावर दोरीवरचे कपडे ओढून घ्यावेत तसा, भराभरा. जमिनीवरच्या पाकळ्या गोळा करून परत घडीत भरल्या, गाठ मारली, पुन्हा वर चढवला. राष्ट्रगीत दुसऱ्यांदा म्हटलं नाही, ते मागाहून जोडता येईल असं कुणीतरी सुचवलं. व्हिडिओ सुरेख आला. तासाभरात ग्रुपवर साठ-सत्तर तिरंगे उमटले. मला मात्र त्या दिवशी जिलबी घशाखाली उतरली नाही.

"चढवताना झपकन, उतरवताना सावकाश." अण्णा, म्हणजे माझे वडील, दर वर्षी दोरी हातात देताना हे म्हणायचे. लहानपणी मला तो त्यांचाच नियम वाटायचा. पुढे कळलं की भारतीय ध्वजसंहितेतच तसं आहे: ध्वज वेगानं चढवावा आणि संथपणे, सन्मानानं उतरवावा. त्याच संहितेत म्हटलंय की ध्वजात कुठलीही वस्तू ठेवू नये, बांधू नये, वाहून नेऊ नये. अपवाद एकच, राष्ट्रीय सणाला फडकवण्याआधी घडीत ठेवलेल्या फुलांच्या पाकळ्या. सरकारी नियमावलीत पाकळ्यांसाठी जागा ठेवणाऱ्या त्या अनोळखी माणसाबद्दल अण्णांना फार जिव्हाळा होता.

आम्ही नेरुळला राहायला आलो ते 1992 साली. त्याच वर्षी मे महिन्यात लोकल खाडी ओलांडून वाशीला पोचली होती, तिथून पुढे बसनं यायचं. सिडकोची चार मजली इमारत, पाणी दिवसातून दोनदा, समोर मोकळी माती. अण्णा मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिक्षक. इमारतीत कुणाचंच गाव इथलं नव्हतं. ज्यांचं होतं, त्या आगरी-कोळी लोकांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे शहर उभं राहत होतं, आणि 1984 मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात उरणकडे त्यांची माणसं गोळीबारात गेली होती. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांनी, दुधाच्या केंद्रावरच्या आजींच्या तोंडून कळलं.

तर अशा त्या इमारतीत समोर मल्याळी चेची, वर ओडिशाचं एक कुटुंब, तळमजल्यावर साताऱ्याचे निवृत्त सुभेदार. 1996 मध्ये तिसऱ्या मजल्यावर आझमगढच्या भाभी आल्या. देश म्हणजे काय हे मला कुणी व्याख्या करून शिकवलं नाही. ओणमला चेचीकडून येणारं पायसम आणि आमच्याकडून परत जाणाऱ्या त्याच डब्यात पुरणपोळी, ही माझी त्यातली पहिली यत्ता. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हे नियमासारखं पाळलं जायचं. वाशी स्टेशनजवळ आज केरळ, आसाम, उत्तराखंड, ओडिशा अशा राज्यांची भवनं आसपास उभी आहेत. त्या रस्त्यानं जाताना मला दर वेळी आमचा जिना आठवतो.

अण्णांनी पहिल्याच वर्षी झेंडा आणला, खादीचा, नांदेडला तयार झालेला. खांब बसवला. सुरगाठ आणि निरगाठ यांतला फरक इमारतीतल्या प्रत्येक मुलाला शिकवला. झेंड्याला सुरगाठच लागते, एका हिसक्यात सुटणारी. निरगाठ बसली तर सगळं गाव माना वर करून बघत राहतं.

2021 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अण्णा गेले. मी व्हॉट्सॲपवर त्यांचा एक फोटो डीपी म्हणून ठेवला. चेचीच्या मुलानं काढलेला. अण्णा पांढऱ्या शर्टात, मान वर, दोन्ही हातांत दोरी. झेंडा चौकटीच्या बाहेर राहिलाय. दिसतो फक्त खांब आणि ताणलेली दोरी.

पुढच्या वर्षी स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव. 'हर घर तिरंगा' मोहीम 13 ते 15 ऑगस्ट. त्याआधी 2 ऑगस्टपासून, म्हणजे ध्वजाच्या रचनेशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या पिंगली वेंकय्यांच्या जयंतीपासून, समाजमाध्यमांवर डीपी तिरंग्याचा ठेवावा असं पंतप्रधानांनी आवाहन केलं होतं. ते आवाहन होतं, सक्ती नव्हती. पण आवाहन वरून निघतं आणि सोसायटीच्या ग्रुपपर्यंत येता येता त्याचं रूप बदलतं. 6 तारखेला ग्रुपवर मेसेज आला: 'फक्त चार फ्लॅटचे डीपी बाकी आहेत.' खाली फ्लॅट नंबर. त्यात आमचा.

मी तो मेसेज बराच वेळ बघत बसले. एकेक नंबर वाचावा आणि 'हजर' असं उत्तर यावं, तसं सगळं चाललं होतं. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. पण उत्तर न देणारा आपोआप गैरहजर ठरत होता. रात्री मी डीपी बदलला. तीस वर्षं त्या आवारात झेंडा चढवणारा माणूस काढून तिथे झेंड्याचं चित्र ठेवलं. 15 ऑगस्टपर्यंत अण्णा दिसले नाहीत.

अण्णासुद्धा आयुष्यभर हजेरीच घ्यायचे. न आलेल्या मुलाच्या नावापुढे फुली पडायची. पण संध्याकाळी ते त्या मुलाच्या चाळीत जाऊन विचारायचे, का रे नाही आलास? ताप आहे का, आई गावाला गेलीय का, वह्या संपल्यात का? फुलीचा उपयोग त्यांना तेवढाच होता, कुणाच्या दारी जायचं ते कळण्यापुरता. फोनवर घेतलेल्या हजेरीत फुली पडते आणि माणूस तिथेच राहतो. 'तुमचा डीपी का बदलला नाही' हे मला एकानंही दार वाजवून विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तो फोटो मोठा करून दाखवला असता.

त्याच काळात आणखी दोन गोष्टी बदलल्या. डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजाला परवानगी मिळाली. जुलै 2022 मध्ये नागरिकांना घरावर दिवसरात्र ध्वज ठेवण्याची मुभा मिळाली, त्याआधी तो सूर्यास्ताला उतरवावा लागे. झेंडा स्वस्त झाला, घराघरांत पोचला. हे मला मनापासून आवडलं. ज्यांच्या बाल्कनीत कधी झेंडा लागला नव्हता अशा घरांत लहान पोरं तो हातात धरून नाचताना मी पाहिली आहेत. पण उतरवण्याची वेळच गेली. सप्टेंबरात, गणपतीनंतर, पावसानं विटलेले आणि ग्रिलच्या टोकांवर फाटलेले झेंडे लोंबताना दिसायला लागले. लावतानाचे फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये होते.

सोसायटीच्या सभासदांची यादी मी गूगल फॉर्मवरून गोळा केली, तेव्हा पाच-सहा जणांनी नावापुढे तिरंग्याची इमोजी टाकली होती. ऑफिसातल्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर तीच यादी उघडली तर तिरंग्याच्या जागी 'आय' आणि 'एन' अशी दोन इंग्रजी अक्षरं. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय. भाच्यानं समजावलं की इमोजीतला झेंडा हे मुळात चित्र नसतंच. देशाच्या नावाच्या दोन अक्षरांचे दोन संकेत शेजारी शेजारी ठेवलेले असतात, ते ओळखून फोन तिथे झेंडा काढून दाखवतो. विंडोज काढत नाही, नुसती अक्षरं दाखवतं. तेव्हापासून ग्रुपवर तिरंग्यांची रांग आली की मला ती दोन अक्षरंही दिसतात. चित्र पूर्ण करण्याचं काम बघणाऱ्याकडेच असतं.

अण्णांना व्हॉट्सॲप आलं 2017 मध्ये. 2016 च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि आमच्या इमारतीतल्या सगळ्या आजी-आजोबांच्या हाती वर्षभरात फोन आला. त्या कंपनीचं मुख्यालय आमच्याच लाइनीवर, घणसोलीला. नेरुळहून ठाण्याला ऑफिसला जाताना महापे, रबाळे, ऐरोलीच्या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारतीही आहेत, खिडक्या जवळजवळ नसलेल्या. आपल्या शुभेच्छा, आपले वाद, आपली देशभक्ती अशाच कुठल्या तरी भिंतींमागे साठवलेली असते, हा विचार रबाळे आलं की मनात येतोच.

अण्णांना पहिल्या आठवड्यातच तो मेसेज आला: युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरवलं. युनेस्कोनं असं कधीही ठरवलेलं नाही, आणि हा खुलासाही जुना आहे. तरी दर ऑगस्टला तो मेसेज नव्यानं जन्म घेतो. त्याच्या पाठोपाठ नासानं अवकाशातून टिपलेला म्हणे दिवाळीच्या रात्रीचा भारत, रंगीबेरंगी दिव्यांनी लखलखलेला. ते चित्र एका रात्रीचं नाहीच. बऱ्याच वर्षांची उपग्रह-निरीक्षणं एकावर एक रचून केलेलं आहे, आणि त्यातले रंग दाखवतात की 1992, 1998, 2003 अशा टप्प्यांत कुठे कुठे नवे दिवे आले. 2012 मध्ये नासानं दिवाळीतल्या रात्रीचा खरा फोटोच प्रसिद्ध केला. त्यात नेहमीसारखी शहरं दिसतात. दिवाळी वेगळी उठून दिसत नाही.

मला त्या रचलेल्या चित्राचा अर्थ जास्त भावतो. निळ्या-हिरव्या-लाल ठिपक्यांत ज्या वस्त्यांत नव्यानं दिवे दिसू लागले त्या आहेत. त्यातलाच एखादा ठिपका नेरुळचाही असेल, आमच्या मातीच्या आवारातल्या पहिल्या बल्बचा. इतकी मोठी गोष्ट त्या चित्रात असताना ती खोटी दिवाळी म्हणून का पसरावी?

मला वाटतं, आपल्याला शाबासकी हवी असते, आणि ती बाहेरून यायला हवी असते. युनेस्को, नासा, एखादा परदेशी माणूस आपली मिसळ खाऊन डोळे मिटतो तो व्हिडिओ. अण्णांनी त्या राष्ट्रगीताच्या मेसेजला एका बोटानं टाइप करत उत्तर दिलं होतं, माझ्याकडे अजून आहे: 'युनेस्कोनं नाही म्हटलं तर आपण बसून म्हणायचं का?' राष्ट्रगीत बावन्न सेकंदांत म्हणायला त्यांनी शेकडो मुलांना शिकवलं, घड्याळ हातात धरून. त्यांना तिसऱ्या कुणाचं प्रमाणपत्र लागत नव्हतं.

बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकानं 1983 मध्ये मांडलं होतं की एकमेकांना कधीही न भेटणारी माणसं एकाच सकाळी एकच वर्तमानपत्र वाचतात, आणि आपल्यासारखेच हजारो जण हेच वाचताहेत या जाणिवेतून राष्ट्र नावाची कल्पना घडायला मदत होते. ठाण्याच्या लोकलमध्ये मी हे होताना पाहिलंय. एक पेपर चार जणींत फिरायचा, पान पान वेगळं करून. आता चौघींच्या हातात चार फोन, आणि ज्याच्यावर आपण रेंगाळतो तेच पुन्हा पुढे आणून ठेवणारी त्यांची यंत्रणा. शेजारी बसून चौघी चार वेगळ्या देशांत असतात. नकाशासुद्धा एक नाही. अमेरिकेतल्या भाच्यानं एकदा तिकडच्या गूगल मॅपचा स्क्रीनशॉट पाठवला, काश्मीरभोवती तुटक रेषा. माझ्या फोनवर त्याच ॲपमध्ये तीच रेषा सलग, पूर्ण काश्मीर आत.

मे 2025 मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतरच्या त्या तीन-चार दिवसांत, आमच्या लेडीज डब्यात सगळ्यांचे फोन एकदमच वाजत होते. स्फोट, विमानं, आगीचे लोळ. त्यांतले काही व्हिडिओ चक्क एका व्हिडिओ गेममधले होते, हे नंतर उघड झालं. डब्यात टाळ्या पडत होत्या. खिडकीशी बसणारी आमची एक मैत्रीण, जिचा नवरा सैन्यात आहे आणि तेव्हा जम्मूकडे होता, तिनं फोन बंद करून पर्समध्ये ठेवला होता. डब्यात सीमेवर कुणी असलेली ती एकटीच, आणि काहीही न बघणारीही ती एकटीच. कोपरखैरणे आल्यावर ती एवढंच म्हणाली, "रात्री नऊला त्याचा फोन येतो. मी तेवढाच बघते." डबा काही वेळ गप्प झाला. मग पुन्हा कुणाचा तरी फोन वाजला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय आला, 29 जूनला तो मागे घेतला गेला. मी या प्रश्नात पूर्णपणे मराठीच्या बाजूची. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचं ओझं टाकू नये, आणि महाराष्ट्रात मराठी मागे ढकलली जाऊ नये, हे मी ग्रुपवर लिहिलंही होतं. पण जुलैत मीरा-भाईंदरकडचे भांडणांचे व्हिडिओ फिरायला लागले. दुकानात, लोकलमध्ये, सोसायटीच्या गेटवर कुणी कुणाला 'मराठी बोल' म्हणतंय, कुणी 'नाही बोलणार' म्हणतंय, आणि तिसरा कुणीतरी शांतपणे व्हिडिओ काढतोय.

त्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या भाभी जिन्यात भेटल्या. एकोणतीस वर्षं त्या माझ्याशी मराठीत बोलत आल्या आहेत. क्रियापदं कधीमधी चुकतात, पण माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनी वळले, अण्णांच्या शेवटच्या दिवसांत दारात डबा ठेवून "ताई, गरम आहे, लगेच खा" म्हणणाऱ्या त्याच. त्या दिवशी त्या नुसतं हसून पुढे जायला लागल्या. मी विचारलं, काय झालं? त्या हळू आवाजात हिंदीत म्हणाल्या की मराठी चुकीचं बोलले आणि कुणी व्हिडिओ काढला तर?

मला रडू आलं. माझ्या भाषेसाठी मी भांडत होते, आणि माझ्या जिन्यातून तीच भाषा निघून चालली होती. त्या चुकीच्या क्रियापदांइतकी प्रेमळ मराठी मी फार थोड्यांकडून ऐकली आहे. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण पुढे कितीतरी दिवस जिन्यात शब्द तोलून मापूनच पडत राहिले.

फोननं फक्त तोडलंच असं मात्र मी म्हणणार नाही, कारण त्याच वर्षीची 2 नोव्हेंबरची रात्र मी विसरू शकत नाही. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला. तिकीट कुणाकडेच नव्हतं. आम्ही सगळे गच्चीत जमलो. दूर स्टेडियमच्या दिव्यांचा पांढरा उजेड, मधे चटईवर दोन फोन उभे करून ठेवलेले. आणि एक गंमत लक्षात आली. फोनवरचं प्रक्षेपण काही सेकंद मागे चालत होतं. आधी स्टेडियमकडून लाट यावी तसा आवाज यायचा, आमच्या अंगावर काटा उभा राहायचा, आणि मग फोनवर दीप्ती शर्मा चेंडू टाकायला धावत यायची. काय होणार ते आम्हाला आधीच कळलेलं असायचं, कसं होणार ते बघायचं. मध्यरात्रीच्या सुमाराला तो सगळ्यात मोठा आवाज आला. चेची, भाभी, सुभेदारांच्या सूनबाई, मी, आम्ही एकमेकींना घट्ट धरलं, आणि फोनवर हरमनप्रीत कौरनं मागे धावत झेल घेतला तेव्हा आमचे डोळे इतके भरले होते की तो नीट दिसलाही नाही. बावन्न धावांनी जिंकलो. सकाळी बघते तर त्या रात्रीचा आमचा एकही फोटो नाही. दोन्ही फोन मॅच दाखवण्यात गुंतलेले होते.

यंदा 26 जानेवारीला व्हिडिओ पहिल्याच वेळी नीट आला. सुरगाठ छान सुटली. जिलबी वाटली, मुलांनी भाषणं केली, दहापर्यंत आवार रिकामं झालं.

संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर मी एकटीच खाली गेले. उतरवायची सक्ती आता नाही, पण आमच्या खांबावर अण्णांची वेळ मी चुकवत नाही. दोरी हळूहळू सोडायची, कप्पी करकरते, झेंडा हातभर हातभर खाली येतो. जमिनीला टेकू द्यायचा नाही, म्हणून शेवटचा हातभर एकटीला अवघड जातो. दर वेळी मी तो खांद्यावर घेते.

"थांबा ताई, मी धरतो."

भाभी कोथिंबीर घेऊन येत होत्या. पिशवी त्यांनी कठड्यावर ठेवली, हात पदराला पुसले आणि दुसरी बाजू धरली. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही टोकं चक्राकडे आणायची. हे दोघींनी केलं की सोपं जातं. घडी माझ्या तळव्यांवर आली तेव्हा शिवणीत एक गुलाबाची पाकळी अडकलेली दिसली, सकाळची, आता सुकलेली. "काढू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू दे. त्या कोथिंबीर घेऊन वर गेल्या, आणि मी ऑफिसच्या कपाटाची किल्ली शोधायला लागले.